‘अनोळखी महिला’ माझी बायको होती

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, बाकीचं मागून. आमच्या हपीसच्या इतिहासाचं पुस्तक छापायला निघालं आहे. त्याच्या शेवटी जुन्या ध्वनिफितींची यादी आहे. ती यादी मला गावांची नावं तपासायला दिली होती, आणि तिच्यात मला एक ओळ दिसली : ‘खडी गंमत, तुरा पार्टी, तालुका कुही. सवालाला उत्तर देणारी : अनोळखी महिला.’

ती अनोळखी महिला माझी बायको होती. कमल.

तिला जाऊन दीड वर्ष झालं. नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात सतरा दिवस मी तिच्या खाटेपाशी बसून होतो. अठराव्या दिवशी एकटा घरी आलो. फोटो म्हणाल तर रेशनकार्डावरचा एक, आणि भाचीच्या लग्नातला एक, त्यात ती अर्धी खांबाआड. आवाज तर कुठं राहणारच नाही असं धरून चाललो होतो. आणि तो निघाला कुठं, तर सरकारी कपाटात! ज्या कपाटाची किल्ली सत्तावीस वर्षं माझ्या कमरेला होती! आता सांगा, माणसानं काय करावं? मी तर दोन दिवस जेवलोच नाही, नुसता फिरत होतो. तिसऱ्या दिवशी कामाला लागलो. पुस्तक छापखान्यात जायला आठ दिवस होते, आणि तेवढ्यात त्या ‘अनोळखी’वर काट मारून तिथं नाव घालायचं होतं.

मी सातवी शिकलो. त्या हपीसात शिपाई होतो. हपीस काय करतं ते बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सोप्यात सांगतो. दिल्लीत सरकारची एक मोठी संस्था आहे. देशात जेवढं गाणं, वाजवणं, नाचणं, सोंग काढणं आहे ते टिकावं म्हणून ती अनुदान देते. अख्खा देश दिल्लीतून दिसत नाही, म्हणून ठिकठिकाणी हपीसं काढली. त्यातलं एक नागपूरला. मी लागलो तेव्हा ते भाड्याच्या बंगल्यात होतं. एक साहेब, एक बाबू, एक टाइपरायटर आणि मी. मागच्या खोलीत माझा संसार. आता चार मजली इमारत आहे, लिफ्ट आहे, अर्ज कॉम्प्युटरवर येतात. पण काम तेच : कोण खरा कलावंत आहे ते ओळखा, आणि त्याच्यापर्यंत पोचा.

दिल्लीहून एक यादी यायची. कोणत्या कला म्हणजे कला, त्याची. यादीत नाव असलं तर त्या कलेच्या पार्ट्यांना अर्ज करता यायचा. नसलं तर तुम्ही कितीही पिढ्या गात असा, सरकारच्या लेखी तुम्ही आरडाओरडा करता. यादीत नवीन नाव घालायचं तर चाचणी व्हायची. दिल्लीची कमिटी यायची, पार्टीला दहा मिनिटं द्यायची, सगळं टेपवर घ्यायची, आणि ठरवायची. टेपा दिल्लीलाच जातात अशी माझी समजूत.

त्याच्याआधी पडताळणी. म्हणजे पार्टी खरी आहे का ते गावात जाऊन पाहणं. कागदावर साहेब जायचे. खरं म्हणजे मी जायचो, कारण साहेबांना एस.टी. लागायची आणि मला बोली समजायची. सुरुवातीला मी भोळा होतो. पारशिवनीकडच्या एका गावात एक मंडळ होतं, त्यांचे कागद असे की साहेबसुद्धा खूश. नोंदणी, शिक्के, फोटो, सरपंचाचा दाखला, सगळं. मी गेलो तर फेटे बांधून दहा जण तयार. झकास गायले. मी परत निघालो, पाणी प्यायला शेजारच्या गावात थांबलो. तिथं दुसरं भजनी मंडळ होतं. त्यांच्या म्हाताऱ्याला सहज म्हटलं, तुमच्या शेजारचे चांगले गातात.

म्हातारा म्हणाला, “ते? ते कवा गाते गा? त्याहिचा भोंगा गाते. फेटे तं आमचेच नेले आज सकाळी. परत करा म्हणा बरं, उद्या आमच्याकडे सप्ताह हाय.”

मी उलटा गेलो आणि म्हटलं, तिसरं कडवं म्हणा. पहिलं कडवं सगळ्यांनाच येतं. दहाच्या दहा जण एकमेकांच्या फेट्याकडे पाहायला लागले.

तेव्हापासून मी माझा कायदा केला. सरपंचाला विचारायचं नाही, पाहुण्याला विचारायचं नाही, विरोधी पार्टीला विचारायचं. विरोधक तुमची खोटी तारीफ करणार नाही. तो ‘हाव, गाते’ म्हणाला की समजायचं, खरंच गातो. हा कायदा पुढे साहेबांनी लिहून दिल्लीला पाठवला, तिथून छापून आला : पडताळणीत प्रतिस्पर्धी गटाचा लेखी जबाब असावा. माझं नाव त्यात नव्हतं. नको. पण कायदा माझा होता, आणि तोच या वयात माझ्या नरड्याशी आला. ते पुढे येतंच.

आता खडी गंमत. इकडच्या लोकांना सांगायला नको, पण हे ज्या अंकात छापायचं आहे तो पुण्या-मुंबईलाही जातो म्हणून सांगतो. उभ्यानं करायचा खेळ, म्हणून खडी. शाहीर, डफ, ढोलकी, मागे सूर धरणारे झीलकरी, आणि बाईचं सोंग घेतलेले पुरुष. बायका त्यात उभ्या राहत नाहीत. आणि मुख्य म्हणजे ती एका पार्टीची होत नाही. दोन पार्ट्या समोरासमोर लागतात. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या बाजूचे. एकानं गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाऊन उत्तर द्यायचं आणि उलट सवाल टाकायचा. ज्याला उत्तर आलं नाही तो हारला, आणि हारलेल्यानं पागोट्यातला तुरा किंवा कलगी काढून द्यायची. या भांडणातच सगळी मजा.

कुहीकडचा धोंडबा शाहीर तुरेवाला. पारशिवनीकडचा दौलत शाहीर कलगीवाला. या दोघांची गंमत लागली की गावंच्या गावं लोटायची म्हणतात. हा दौलत माझा सासरा. मुलींना कोणी शिकवत नसे. पण घरात रोज तालीम आणि भिंती कुडाच्या. कमल चुलीपुढे बसून सगळं ऐकत मोठी झाली. मला ते माहीत नव्हतं. पडताळणीसाठी अख्खा जिल्हा पालथा घालत होतो, आणि माझ्याच खोलीत भाकरी थापणारी बाई काय घेऊन बसली आहे ते मला लग्नाला नऊ वर्षं होऊनही माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही.

तर खडी गंमतीची चाचणी ठरली. यादीत नाव जाणार की नाही, ते त्या दहा मिनिटांवर. नागपूर-भंडाऱ्याकडच्या सगळ्या पार्ट्यांचं नशीब धोंडबाच्या डफावर होतं, कारण दौलत त्याच्या आदल्या वर्षी वारला होता आणि त्याची पार्टी मोडली होती. बंगल्याच्या अंगणात मांडव घातला. कमिटीत तिघं, दिल्लीचे एक अध्यक्ष. आमचे साहेब नवीन, महिनाही झाला नव्हता. टेपवाला एका बाजूला. घंटी माझ्याकडे. दहा मिनिटं झाली की वाजवायची, कोणीही गात असो. त्या दिवशी आलेल्या कलावंतांचा स्वयंपाक मांडवामागे, कमल आणि शेजारच्या दोघी करत होत्या.

धोंडबा उभा राहिला. उंच माणूस, पागोट्यात तुरा, डफ छातीशी. गण झाला. दोन मिनिटांत मांडव तापला! आणि मग हा बाबा थांबला.

“समोर कोन हाय?” म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, “सामने कोई नहीं है. आप अकेले गाइए.”

“सवाल भिताडाले टाकू का मंग?”

“जो भी करना है कीजिए, समय जा रहा है.”

साहेब माझ्याकडे पाहायला लागले, जसा धोंडबा माझ्या पोटी जन्मला. मी जवळ जाऊन म्हटलं, “शाहीर, गाऊन टाका न. यादीचा प्रश्न आहे.”

“शामराव, एका पायावर उभं राहून कबड्डी खेळून दाखव म्हनता तुमी मले. सवालाले उत्तर नाई तं ते गंमत कायची? ते भजन झालं.”

अध्यक्षांनी पेन उघडलं. मला दिसलं ते. पेन उघडलं म्हणजे काट. धोंडबालाही कळलं असावं, कारण तो चिडला. चिडून त्यानं मांडवाच्या बाहेर तोंड केलं आणि ओरडला, “दौलत मेला तं कलगी बी मेली का गा? पारशिवनीत कोनी मानूस उरला नाई?” आणि टाकला सवाल, पूर्ण आवाजात :

“शिवाआधी शक्ती होती, म्हणती कलगीवाले,
मग कपाळी कुंकू तिच्या कोणाच्या नावे लागले?”

झीलकऱ्यांनी ओढला. ढोलकी थांबली. अध्यक्षांचं पेन कागदावर टेकलं.

आणि मांडवाच्या मागून आवाज आला :

“कुंकू लागले ज्या कपाळी, ते कपाळ कोठून आले?
कुंकवाआधी कपाळ शाहिरा, इतकंही ना उमगले?”

मी मान वळवली. कमल! पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम, आणि ती सरळ मांडवात चालत येत होती, जशी भाजीला जाते तशी. आवाज असा की ढोलकीवाल्याचा हात आपोआप पडला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो तर धोंडबाचा माणूस! झीलकरी हसायला लागले. टेपवाल्यानं माईक तिच्याकडे फिरवला. अध्यक्ष खुर्चीवरून अर्धे उठले. आणि धोंडबा? त्याच्या तोंडावर जे आलं ते मी अजून विसरलो नाही. सणासुदीला माहेरचा माणूस दारात दिसावा तसं. तो चाल ओळखत होता. दौलतची चाल होती ती.

ती थांबली नाही. कायद्याप्रमाणे उलट सवाल टाकला :

“एक बसविली माथ्यावरती, एक घेतली मांडीवर,
सांग शाहिरा, तुह्या शंभूचं कोण चालवते घर?”

मांडव फुटला! दिल्लीचे अध्यक्ष, त्यांना अर्थ किती कळला देव जाणे, पण गंगा आणि पार्वती कळल्या असाव्यात, ते टाळ्या वाजवायला लागले. धोंडबानं डफ उचलला, तोंड उघडलं.

आणि मी घंटी वाजवली.

खेळ संपला. अध्यक्ष म्हणाले, “यह तो जीवित कला है, इसे सूची में लेना ही होगा.” खडी गंमत यादीत गेली. पुस्तकात हे सगळं आहे, ‘धोंडबा शाहिरांच्या प्रभावी सादरीकरणामुळे’ असं. प्रभावी होतंच. पण धोंडबा एकटा असता तर पेन खाली आलं होतं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मग अध्यक्षांनी विचारलं, “यह महिला कौन हैं?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कमल मागे निघून गेली होती, तव्यावरची भाकरी जळत होती म्हणून.

मी म्हटलं, “मालूम नहीं साहब. खाना बनानेवालों में से कोई होगी.”

हे मी म्हटलं. बाबू तिला ओळखत होता, पण माझ्याकडे एकदा पाहून त्यानंही लिहून घेतलं : अनोळखी महिला.

मला वाटलं, शिपायाची बायको चाचणीत घुसली असं निघालं तर साहेब मला घरी पाठवतील, आणि निवड रद्द होईल ते वेगळं. असं मी स्वतःला समजावलं. निघताना धोंडबा माझ्याजवळ आला. दौलतची मुलगी माझ्या घरात, म्हणजे मी साऱ्या शाहीरलोकांचा जावई. कानाशी म्हणाला, “जवाई, दिल्लीले कार्यक्रम लागन तं बाईले घेऊन या. समोर तेच पायजे मले.” मी मान हलवली. नेलं नाही. तिला सांगितलंच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हात धुताना तिनं विचारलं, “धोंडबा काई बोलला का जी?”

“काई नाही.”

पुढे मी कुहीकडे दौऱ्यावर गेलो की परत आल्यावर तिचा हाच प्रश्न. “धोंडबा भेटला का? काई बोलला का?” मला वाटायचं, तारीफ ऐकायची असेल. तिला उत्तर पाहिजे होतं. तिनं सवाल टाकला होता.

आता परत या आठ दिवसांवर येतो. आमच्या हपीसात नवीन मॅडम आहेत, प्राजक्ता नावाच्या. जुन्या फिती कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्यांच्याकडे. मुलगी गुणी आहे, पण नियमाची पक्की. मी म्हटलं, ही माझी बायको. त्यांनी फीत लावली. कानात यंत्र घालून मी ऐकलं. पहिल्या ओळीला मी उठून उभा राहिलो, दुसऱ्या ओळीला बसलो. मॅडमनं पाणी आणलं. मग हळूच म्हणाल्या, “काका, मला शंका नाही. पण तुम्ही हपीसचे कर्मचारी होता, आणि ह्या तुमच्या पत्नी. तुमच्या सांगण्यावरून नाव घालता येत नाही. प्रतिस्पर्धी गटाचा लेखी जबाब लागेल.”

मी म्हटलं, “तो कायदा माझाच आहे बेटा.”

त्या म्हणाल्या, “मग तर तुम्हाला माहीतच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळची कुहीची एस.टी. धरली. मॅडमनी फीत माझ्या मोबाइलवर टाकून दिली होती. दोन्ही बाजूला धान गुडघ्याएवढं, हिरवंगार, आणि मी वरच्या खिशावर हात दाबून बसलेलो, कोणी चोरेल म्हणून. शेजारच्या बाईनं विचारलं, “पैसे हाय का खिशात, बाबाजी?” म्हटलं, “नाही, बायको आहे.” ती सरकून बसली.

धोंडबा ऐंशीच्या पुढे गेला आहे. ओसरीवर खाटेवर बसला होता. भिंतीवर दिल्लीचा फोटो, पागोटं, तुरा, गळ्यात हार. मला पाहून ओरडला, “या या जवाई! वाट चुकले का? सूनबाई, चहा टाक वं, दौलतचा जवाई आला. साखर कमी टाकजो, याचं तोंड आधीच गोड हाय, सरकारी हाय.”

मी सांगितलं, कमल गेली. त्यानं खाटेवर सरकून मला जागा केली. मग म्हणाला, “म्हाईत हाय मले. आलो नाई, पाय साथ देत नाई.”

मी मोबाइल त्याच्या चांगल्या कानाशी धरला आणि लावला. आधी त्याचा स्वतःचा आवाज. तो हसला, “काय नरडं होतं बे माह्यं!” मग तिचा. त्याची पाठ सरळ झाली. बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. सून चहा घेऊन दारातच थांबली. संपल्यावर म्हणाला, “पुन्हा लाव.” तीनदा लावलं.

मग मी कागद काढला. म्हटलं, “एवढं लिहून द्या शाहीर, की ही दौलतची मुलगी कमल, आणि तिनं उत्तर दिलं.”

“देतो न लिहून. त्यात काय.”

“आणि तिनं सवाल टाकला, त्याला उत्तर आलं नाही.”

“हे काहून?”

“झालं ते लिहायचं. फितीत आहे.”

“म्हंजे मी हारलो म्हनून लिहू? जवाई, हे पोट्टे पाह्यले का गावातले? साऱ्याइले म्हाईत हाय, धोंडबा दिल्ली जिंकून आला. आन् मी हारलो नाई. घंटी वाजली. घंटी वाजली नसती तं देल्लं असतं उत्तर. टाइम सरला त्याले मी काय करू?”

आता इथं मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. नावाचा जबाब मिळतच होता. सवालाचं सोडून द्यायचं, चहा प्यायचा, एस.टी. धरायची. पण आदल्या दिवशी मॅडमनी फितीची लांबी वाचून दाखवली होती. मलाच नव्यानं कळण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण घड्याळ त्या दिवशी माझ्या हातात होतं. पण ते आकड्यात दिसल्यावर मला लपवता येईना.

मी म्हटलं, “टाइम सरला नव्हता, शाहीर.”

“काय?”

“साडेआठ मिनिटं झाली होती. मी आधी वाजवली.”

सून आत गेली. अशा वेळी बायका आत जातात.

“काहून?”

मी म्हटलं, “नोकरीची भीती वाटली. ही एक गोष्ट. दुसरी सांगू का? गावोगाव फिरून मी कलावंत शोधत होतो, लोक मला पारखी म्हणायचे. आणि सगळ्या मांडवासमोर निघालं की माझ्या घरातली मलाच माहीत नाही. लाज वाटली मला. तिला थांबवायला वाजवली. तुमचा वेळ मी खाल्ला, दीड मिनिट.”

धोंडबानं मान अंगणाकडे वळवली. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मला वाटलं, हा आता कागद फाडणार. आणि त्याचा हक्कच होता. दीड मिनिट उरलं होतं म्हणजे तो हारला नव्हता. माझ्या तोंडानं मी माझाच जबाब बुडवला होता.

मग तो हसायला लागला. आधी हळू, मग खोकला लागेपर्यंत.

“दीड मिनिट! अरे जवाई, इतके वर्षं मी लोकाइले सांगून राहिलो, घंटीनं मारलं मले, घंटीनं मारलं. बैल धुताना, धानाच्या बांधीत, दिल्लीच्या गाडीत, सारा जनम त्या सवालाले उत्तर शोधून राहिलो. सापडलं नाई! आन् तू म्हनतं दीड मिनिटात मी देल्लं असतं?” डोळे पुसले. “दौलतनं असतं न एखादं पागोटं बांधलं तिच्या डोक्यावर, तं मले तुरा डोक्यावर ठेवाची सोय नव्हती. सूनबाई! पेन आन वं.”

सुनेनं लिहिलं, त्यानं सांगितलं. तसंच्या तसं देतो :

“मी धोंडबा, तुरेवाला. मी सवाल टाकला. दौलत शाहिराची पोरगी कमल हिनं उत्तर देल्लं. तिनं सवाल टाकला. मले उत्तर आलं नाई. मी हारलो.” मग थोडा विचार करून, “खाली लिही, आजून बी येत नाई.”

मोठ्या अक्षरांत सही केली. मी कागदाची घडी घालत होतो तेव्हा म्हणाला, “कायद्यानं तुरा देला पायजे. पन तो नाई देत. तो माह्यासंगं जाईन. तू तिचं नाव घेऊन जाय.” आणि मी ओसरी उतरलो तेव्हा मागून, “आन् घंटीचं बी लिहाचं! मी माह्यं लिहून देल्लं, तू तुह्यं लिही. लपवाचं नाई, जवाई!”

लपवत नाही. म्हणून तर हे लिहायला बसलो.

एस.टी.त परत येताना माझ्या ओठांवर एकच वाक्य : उत्तर आलं नाही म्हणाला, कमल, अजून येत नाही म्हणाला! घरी पोचेपर्यंत दाबून धरलं होतं. कुलूप उघडलं तेव्हा कळलं की हे ज्याला सांगायचं ते माणूसच नाही. आयुष्यभर ती विचारत होती आणि मी ‘काई नाही’ म्हणत होतो. उत्तर आणलं तेव्हा विचारणारं कोणी नाही. भिंतीकडे तोंड करून सांगितलं एकदा. भिताडाला सवाल टाकण्यासारखंच ते. जेवण मात्र त्या दिवशी पोटभर केलं.

मुदतीच्या आत कागद मॅडमच्या टेबलावर होता. त्यांनी वाचला आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. साहेबांना दाखवला. हे साहेब चांगले आहेत, पण म्हणाले, “शामराव, संस्थेच्या इतिहासात घंटी-बिंटी कशाला? नाव घालू, पुरे.”

मी म्हटलं, “साहेब, इतिहास आहे न? मग झालं ते घाला. तुम्हाला गुळगुळीत पाहिजे असेल तर दिनदर्शिका छापा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मॅडम म्हणाल्या, “सर, शेऱ्याचा रकाना रिकामाच आहे.”

मग आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. त्या टंकत होत्या, मी सांगत होतो. कला : खडी गंमत. सवाल : धोंडबा शाहीर, तुरा पार्टी. उत्तर आणि उलट सवाल : कमल, कलगी पार्टी. गुरू कोण, असा एक रकाना होता. मी म्हटलं, वडील, दौलत शाहीर, कुडाच्या भिंतीआडून. मॅडमनी ‘कुडाच्या भिंतीआडून’सुद्धा घातलं. निकाल : धोंडबा शाहीर यांच्या लेखी जबाबानुसार कमल विजयी. वा! ते ‘विजयी’ मी त्यांना जरा मोठ्या अक्षरात करायला सांगितलं. जमत नाही म्हणाल्या. शेरा : शिपाई शामराव यांनी घंटी वेळेआधी वाजवली व महिलेची ओळख लपवली.

शेवटी त्यांनी विचारलं, “काका, नावापुढे पतीचं नाव लावायचं का? बाकीच्या बायकांचं तसं आहे.”

मी म्हटलं, “नको. दौलतची मुलगी, तेवढं पुरे. नवऱ्याचं नाव शेऱ्यात आलंच आहे.”